जखम पायाला, अवधाण जांघेत: असं का?

चिखलवाट
लावणीला गावी (सिंधुदुर्ग) गेलो होतो. कुणग्यात (भाताच्या खाचरात) उतरलो आणि पायाच्या अंगठ्याशी काहीतरी टोचलं. काटा असेल नाहीतर शिंपला. धुतलं आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी जांघेत सुपारीएवढी गाठ, चालताना कळ, अंगात कणकण. काकी म्हणाली, "अवधाण इलाहा, जखम सुकली की आपसूक बसतला." घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मी मात्र रात्री गूगल करून बसलो आणि पहाटेपर्यंत तीन प्रकारचे कॅन्सर स्वतःला लावून घेतले.

गाठ उतरतेय, डॉक्टरांनी प्रतिजैविक दिलंय, धनुर्वाताचं इंजेक्शनही झालं. म्हणजे औषध विचारायला धागा काढलेला नाही. प्रश्न असा की टोचलं अंगठ्याला, तर मधला पोटरी-गुडघा-मांडीचा सगळा मुलूख सोडून गाठ थेट जांघेत का येते? आणि शाळेत हृदयाची आकृती रंगीत पेन्सिलींनी काढून घेतली, पण लसीका संस्थेला अर्धं पान दिलं, ते का? कुणी समजावून सांगेल का?

कोरा_चहा
रात्री लक्षणं गूगल केलीत? मग मृत्युपत्राचा धागा वेगळा काढा. :)

सुईमास्तर
मी पॅथॉलॉजिस्ट. लोकांच्या गाठींत सुया घालणं हाच धंदा, त्यामुळे राहवत नाही.

रक्तवाहिन्यांचं जाळं पूर्ण बंद नसतं. केशवाहिन्यांच्या भिंतींतून पाणी आणि थोडी प्रथिनं सतत बाहेर पाझरतात, त्यावरच पेशी जगतात. पाठ्यपुस्तकी हिशेब असा की दिवसाला सुमारे २० लिटर पाझरतं, त्यातलं बरंचसं परत रक्तात जातं आणि २ ते ४ लिटर मागे उरतं. हे उरलेलं उचलून परत रक्तात नेणाऱ्या नळ्या म्हणजे लसीकावाहिन्या. त्यांना हृदय नाही. आत झडपा आहेत, मोठ्या वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, बाकीचं काम स्नायूंची हालचाल आणि श्वास करतो. दोन्ही पाय, पोट, डावा हात आणि डोकं-छातीची डावी बाजू यांचा सगळा द्रव छातीतल्या एका मोठ्या वाहिनीतून डाव्या गळपट्टीच्या हाडामागे शिरेत पडतो. उजवा हात आणि डोकं-छातीची उजवी बाजू यांची सोय वेगळी.

आता गाठ. या वाटेवर ठिकठिकाणी लसीका ग्रंथी आहेत. सगळ्या मिळून पाच-सहाशे तरी असतात. काख, जांघ, मान इथल्या हाताला लागतात, बाकीच्या पोटात-छातीत खोल. तुमच्या अंगठ्यात जंतू शिरले तेव्हा तिथल्या डेन्ड्रायटिक पेशींनी (त्वचेतल्या पहारेकरी पेशी) त्यांचे तुकडे गिळले आणि त्या लसीकेबरोबर वर निघाल्या. त्यांना गाठायची असते ती नेमक्या त्या जंतूला ओळखणारी टी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार). अशी पेशी लाखात एक, कधी दहा लाखांत एक. ती शरीरभर जखमा शोधत हिंडू लागली तर जंतू तिच्याआधी सगळं उरकून मोकळे होतील. म्हणून भेटीची जागा ठरलेली. टी पेशी रक्तातून ग्रंथीत येते, अर्धा-एक दिवस थांबते, कुणी भेटलं नाही तर बाहेर पडून पुढची ग्रंथी गाठते. भेट झाली तर ती तिथेच राहते आणि दिवसातून दोन-तीनदा दुभंगत जाते. शेजारी बी पेशींची प्रतिपिंडांची तयारी सुरू होते. त्या काळात ग्रंथीतून बाहेर पडायची वाट काही वेळ रोखली जाते, आत यायची मात्र चालू असते. गर्दी वाढते, ग्रंथीचं आवरण ताणलं जातं, ते ताणलं की दुखतं. तुमची गाठ ती ही.

जांघच का, तर अंगठ्याची आणि तळव्याच्या आतल्या बाजूची लसीका पायाच्या आतल्या लांब शिरेच्या सोबतीने थेट जांघेतल्या ग्रंथींकडे जाते. मध्ये थांबा नाही. हेच टाचेच्या मागे किंवा करंगळीच्या बाजूला टोचलं असतं तर आधी गुडघ्यामागच्या खळगीतली ग्रंथी सुजू शकली असती.

घाटमाथा
म्हणजे टोलनाका! गाड्यांची रांग लागली की नाका सुजतो.

सुईमास्तर
घाटमाथा, नाक्यावर नुसते पैसे घेतात हो. इथे गाडी उघडून बघतात, चोर सापडला तर तिथल्या तिथे त्याच्यासाठी फौज भरती करतात. पण चालेल, रांगेचा मुद्दा बरोबर आहे.

खडूफळा
चिखलवाट, शाळेच्या बाजूने मी बोलते, जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेय. अर्धं पान मिळतं कारण दाखवायला काही नसतं. बेडूक चिरायचो तेव्हा हृदय धडधडताना दिसायचं, लसीकावाहिन्या पारदर्शक, आतला द्रवही जवळजवळ बिनरंगी. दिसणार काय?

त्या सापडल्या त्याही योगायोगाने. जुलै १६२२ मध्ये इटलीतल्या गास्पारे आसेल्लीने नुकत्याच जेवलेल्या एका जिवंत कुत्र्याचं पोट उघडलं होतं, बघायच्या होत्या नसा (मज्जातंतू) आणि श्वासपटल. आतड्याच्या पडद्यावर त्याला पांढरे दोरे दिसले. आधी वाटलं नसाच आहेत. एक कापला तर पांढरा द्रव बाहेर आला. कुत्रा मेला आणि थोड्याच वेळात दोरे दिसेनासे झाले. पुढचा कुत्रा उपाशी होता, त्याच्यात काहीच नाही. मग त्याने एका कुत्र्याला पोटभर खाऊ घालून बघितलं आणि दोरे पुन्हा हजर. (आज कुणी असं करायला धजणार नाही, नकोच.) आपण खाल्लेल्या तूप-तेलाचा मोठा भाग आतड्यातून रक्तात न जाता आधी या वाहिन्यांत जातो, तो तो पांढरा रंग. हार्वेचं रक्ताभिसरणाचं पुस्तक आलं १६२८ मध्ये, म्हणजे हे त्याच्याही आधीचं. छातीतली मोठी वाहिनी पेकेने १६५१ मध्ये दाखवली आणि लगेच स्वीडनचा रुडबेक आणि डेन्मार्कचा बार्थोलिन 'शरीरभर या वाहिन्या आहेत हे पहिलं कुणी दाखवलं' यावरून भांडत बसले.

वर्गात ही कुत्र्याची गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरचेही ऐकायचे. आकृती कुणाच्या लक्षात राहत नसे.

कोरा_चहा
म्हणजे साजूक तूप आधी मानेपर्यंत जातं आणि मग रक्तात? सासूबाईंना दाखवतो हा धागा.

मुग्धाआई
छान माहिती. पण मला भीतीच वाटली वाचून. माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाच्या मानेला दोन्ही बाजूंना मुगाच्या दाण्याएवढ्या गाठी लागतात. सर्दी झाली की मोठ्या होतात, मग कमी होतात, पण पूर्ण जात नाहीत. बालरोगतज्ज्ञ म्हणतात सोडून द्या. सोडून कसं द्यायचं?

सुईमास्तर
मुग्धाआई, तुमचे डॉक्टर बरोबर सांगतायत. त्या वयात मुलं दर महिन्याला नवा विषाणू घरी आणतात, मानेच्या ग्रंथींना सुट्टी कशी मिळणार? मानेतल्या एक सेंटीमीटरपर्यंतच्या, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी बहुतेक निरोगी मुलांत सापडतात. रोज रात्री चाचपू नका, चाचपूनही त्या दुखऱ्या होतात.

दाखवायला कधी न्यायचं तेही सांगतो. दोन सेंटीमीटरच्या वर गेली, चार-सहा आठवड्यांत उतरली नाही, दगडासारखी घट्ट किंवा खाली चिकटलेली लागली, सोबत वजन उतरतंय, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येतोय, ताप रेंगाळतोय, तर थांबू नका. आणि गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळगीत गाठ आली तर ती कितीही लहान असली, कुठल्याही वयात असली तरी दाखवायची. वर म्हटलं ना, मोठी वाहिनी डाव्या बाजूला तिथेच रिकामी होते. पोटातला कॅन्सर कधीकधी पहिल्यांदा त्या खळगीत दिसतो.

दुखणाऱ्या गाठीला लोक घाबरतात आणि न दुखणारी वर्षभर बाळगतात. माझ्या टेबलावर उलटं दिसतं. दुखणारी बहुतेक वेळा संसर्गाची निघते. न दुखता हळूहळू वाढणारी असेल तर सुई घालताना मी गप्प होतो.

घाटमाथा
सुईमास्तर, ती सुईची तपासणी नक्की काय असते? मावशीला सांगितली आहे, ती नाव ऐकूनच झोपत नाही. तिच्या शेजारणीने सांगितलं, सुई लावली की कॅन्सर पसरतो.

सुईमास्तर
सुई लावल्याने पसरत नाही, मावशीला नक्की सांगा. रक्त काढायच्या सुईएवढीच किंवा तिच्याहून बारीक सुई. एका हाताच्या दोन बोटांत गाठ पकडायची, दुसऱ्या हाताने सुई आत, चार-सहा वेळा मागेपुढे, बाहेर. बोळा दाबून धरायचा. भूलही बहुधा लागत नाही. सुईत जे काही थेंबभर आलं ते काचपट्टीवर टाकून दुसऱ्या पट्टीने ओढायचं आणि रंगवायचं. खरं सांगायचं तर अर्धा अंदाज तेव्हाच येतो. क्षयाच्या गाठीतून बऱ्याचदा पिवळट, चिकट, पनीर कुस्करल्यावर दिसतो तसा माल येतो. आपल्याकडे फुप्फुसाबाहेरच्या क्षयात मानेच्या गाठी सगळ्यात जास्त, जुनी माणसं गंडमाळा म्हणायची त्या याच. पण गोळ्या पूर्ण घेतल्या तर बरा होतो, बहुधा सहा महिने. गाठ मध्येच थोडी वाढली म्हणून उपचार सोडायचे नाहीत, तसं होतं कधीकधी. लिंफोमाचा (लसीका पेशींच्याच कॅन्सरचा) संशय असेल तर मात्र सुईवर भागत नाही, अख्खी ग्रंथी काढून तिची आतली रचना बघावी लागते. तेव्हा 'आधी सुई, मग परत ऑपरेशन, नुसते पैसे उकळतात' असं म्हणू नका, कृपया.

निरामय_वाट
सर्वांचे प्रतिसाद वाचले. मूळ मुद्दा कुणीच मांडत नाही. लसीका म्हणजे शरीराचा कचरा वाहणारी यंत्रणा. आजची बैठी जीवनशैली, मैदा, साखर यांमुळे ती तुंबते आणि मग थकवा, मुरुमं, वजन, सांधेदुखी. मी रोज सकाळी कोरड्या ब्रशने अंग घासते, हृदयाच्या दिशेने. आठवड्यातून एकदा लसीका मालिश. तीन महिन्यांत चेहरा हलका झाला. डॉक्टर लोक हे सांगणार नाहीत कारण यात गोळी विकता येत नाही.

कोरा_चहा
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सायली_क
निरामयताई, रागावू नका, पण 'तुंबते' हा शब्द तुम्ही सहज वापरलात. माझी खरोखर तुंबली आहे.

स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत माझ्या डाव्या काखेतल्या ग्रंथी काढल्या. त्या वेळी सगळं लक्ष गाठ आणि केमोवर. वर्ष उलटल्यावर एकदा लग्नाला जायचं म्हणून बांगड्या भरत होते, तर उजव्या हातात गेल्या आणि डाव्या हातात अंगठ्याच्या मुळाशीच अडकल्या. साबण लावूनही जाईनात. बहिणीला वाटलं वजन वाढलंय. नव्हतं वाढलं. कोपराखाली बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. द्रव येत होता, न्यायची वाट कापलेली होती.

आता दिवसभर दाबाची बाही घालते. मालिश मीही घेते, पण ते स्पामधलं नाही. शिकलेली फिजिओथेरपिस्ट करते, हात इतका हलका की पहिल्या दिवशी मला वाटलं ही नुसती त्वचा सरकवतेय. तसंच असतं म्हणे, वाहिन्या त्वचेखाली लगेच आहेत, जोर लावला तर काम होत नाही. आधी मान आणि धडाची बाजू मोकळी करतात, मग हात. आणि त्यानंतर पट्ट्या बांधल्या नाहीत तर संध्याकाळी परत तेच. एकट्या मालिशने काही होत नाही. हातावर लाली-ताप असताना किंवा रक्ताची गुठळी असताना तर करायचंच नाही.

एक राग आहे तो बोलून टाकते. ऑपरेशन झालं तिथे घरी सोडताना सांगितलं, 'या हाताने काही उचलायचं नाही, कायमचं.' दोन वर्षं मी भाजीची पिशवीसुद्धा उचलली नाही. हात दुबळा झाला, सूज तशीच. नंतर दुसऱ्या ठिकाणी कळलं की २००९ सालीच अमेरिकेत अभ्यास झाला होता, सूज असलेल्या बायकांना हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली तर सूज वाढली नाही आणि त्रास उफाळून यायचं प्रमाण उलट कमी झालं. आता मी बाही घालून डंबेल मारते. :)

निरामय_वाट
सायलीताई, तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. पण मग मालिशचा उपयोग होतो हे तुम्हीही मान्य करताच की.

सायली_क
आजारात होतो. जिथे आजार नाही तिथे काय उपसायचं? चेहऱ्याची सकाळची सूज तुम्ही उठून तासभर वावरलात तरी उतरते. ब्रशने बरं वाटत असेल तर घासा, फक्त त्वचा सोलू नका, मग खरंच अवधाण येईल.

सुईमास्तर
सायलीताईंना दंडवत. एक पुस्ती जोडतो. आता काखेतल्या सगळ्या ग्रंथी सरसकट काढत नाहीत. स्तनातली लसीका पहिल्यांदा ज्या एक-दोन ग्रंथींत जाते त्या निळा रंग किंवा किरणोत्सारी पदार्थ टोचून शोधतात आणि आधी तेवढ्याच तपासतात. त्या स्वच्छ निघाल्या तर बाकीच्यांना हात लावत नाहीत. त्याने हाताच्या सुजेचं प्रमाण बरंच कमी झालंय. ज्यांच्या घरी ऑपरेशन ठरलंय त्यांनी हा प्रश्न सर्जनला आवर्जून विचारा.

निरामयताई, 'कचरा' अर्धा खरा आहे, पण तो काढून टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. लसीका शेवटी रक्तातच येऊन पडते, शरीराबाहेर जात नाही. मग मालिश करून विष गेलं कुठे?

ऑस्टिनकर
कोविडच्या वेळची आठवण. दुसऱ्या डोसनंतर बायकोच्या त्याच बाजूच्या काखेत गाठ आली, आणि नेमकी मॅमोग्राफीची (स्तनांच्या क्ष-किरण तपासणीची) तारीख त्याच आठवड्यात. इथे अमेरिकेत तेव्हा लस घेतल्यावर चार ते सहा आठवडे थांबून मॅमोग्राफी करा असं सांगत होते, कारण काखेतल्या सुजलेल्या ग्रंथी बघून रेडिओलॉजिस्टची पंचाईत व्हायची. आम्ही मात्र तोपर्यंत झोप उडवून घेतलीच. आता सुईमास्तरांचं वाचून कळलं, दंडात टोचलेली लस काखेत जाऊनच शिकवणी घेते.

कसबा_पेठ
थोडं विषयांतर, पण चिखलवाट यांच्या जांघेच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. लोक त्याला गाठीचा ताप म्हणायचे. ती गाठ म्हणजे हीच लसीका ग्रंथी. उंदरावरची पिसू चावते ती जास्त करून पायाला, म्हणून गाठ बहुतेकांना जांघेत. पुण्यात रँडच्या काळात गोरे सोल्जर घराघरांत घुसून माणसांच्या काखा-जांघा तपासायचे, बायकांच्यासुद्धा. आपण तो अपमानाचा इतिहास म्हणून वाचतो, तो होताच, पण त्यांना नेमकी हीच जागा का बघायची असायची ते या धाग्यावरून कळतं. २२ जून १८९७ ला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच साली १० मार्चला सावित्रीबाई गेल्या, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना. आणि १० जानेवारीला मुंबईत हाफकिनने स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. सगळं एकाच वर्षात.

माझा प्रश्न सुईमास्तरांना. जर ग्रंथी जंतूला पकडण्यासाठीच आहे, तर प्लेगमध्ये ती हरते का?

सुईमास्तर
कसबा_पेठ, मस्त प्रश्न. प्लेगचा जंतू याच रस्त्याचा फायदा घेतो. ज्या पेशी त्याला गिळतात त्यांतल्या काहींच्या पोटात तो जिवंत राहतो, वाढतो आणि त्यांच्याबरोबरच ग्रंथीत पोचतो. तिथे फौज तयार व्हायला चार-पाच दिवस हवेत, तो त्याच्या आधीच ग्रंथी पोखरून रक्तात उतरतो. क्षयाचे जंतू हळू, पण राहतात तेही गिळणाऱ्या पेशींच्या आत. एचआयव्ही तर ज्या टी पेशींना हाक मारायची त्यांच्यातच घर करतो आणि ग्रंथींमध्ये मुक्काम ठोकतो. कॅन्सरच्या पेशीही याच वाटेने निघतात. रस्ता चांगला असला की सगळेच वापरतात.

रातपाळी
मग आमच्या हत्तीरोगाचं नाव कसं नाही निघालं अजून? तो तर रस्त्यातच बिऱ्हाड करतो.

मी आरोग्य खात्यात होतो, पूर्व विदर्भात. नोकरीची बरीच वर्षं हत्तीरोग पथकात गेली. हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या वाहिन्यांत लपून राहतात आणि रात्री रक्तात वर येतात, कारण त्यांना नेणारा क्युलेक्स डास रात्री चावतो. त्यामुळे रक्त घ्यायचं ते रात्रीच. जेवणं आटोपली की टॉर्च, काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा कापूस घेऊन निघायचं. कुत्री मागे लागायची. लोकं म्हणायची, "रातच्याला कायले येता जी, दिवसा या ना." समजावून सांगायचं, बापा, दिवसा तो सापडत नाही. बोटाला टोचायचं, जाड थेंब पट्टीवर पसरायचा, नाव-नंबर. झोपेतून उठवलेलं पोरगं रडायचं आणि आजी आम्हाला शिव्या घालायची.

मोठे जंत लसीकावाहिन्यांत राहतात, पाच-सात वर्षं सहज. मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, दोऱ्याएवढी बारीक. वाहिनी फुगते, झडपा निकामी होतात. गंमत अशी की बहुतेक लोकांना बाहेरून काहीच दिसत नाही, रक्तात मात्र पिल्लं असतात आणि डास ती पुढे नेतो. पाय सुजायला वर्षं जातात, आणि एकदा पाय कायमचा जाड झाला की गोळीने तो पहिल्यासारखा होत नाही. म्हणून गोळी सगळ्या गावाला द्यायची असते, धडधाकट माणसालाही. हे समजावताना आमचा जीव जायचा. "मले काय झालं? मी कायले खाऊ?"

ज्यांचे पाय सुजलेले आहेत त्यांना लोक वाटतं त्यापेक्षा जास्त करता येतं. रोज साबणाने पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिरा पडल्या तर मलम, बसताना पाय वर, घोटा फिरवत राहायचा. ताप येऊन पाय लाल होतो तो झटका जंताचा कमी आणि बेचकीतून शिरलेल्या साध्या जंतूंचा जास्त असतो. एक म्हातारे गृहस्थ होते, दर पावसाळ्यात आडवे व्हायचे. पाय धुवायला लागले आणि झटके जवळजवळ थांबले. पाय बारीक झाला नाही, पण शेतावर जाऊ लागले.

खडूफळा
रातपाळी, अतिशय सुंदर प्रतिसाद. याच्यावर वेगळा लेख लिहा ना. रक्तातली ही पिल्लं १८७२ मध्ये टिमोथी लुईसने कलकत्त्यात पाहिली, डासाचा संबंध १८७७ मध्ये मॅन्सनने चीनमध्ये लावला. पण रात्री दारात उभं राहून रक्त घेणाऱ्याचं कुणी लिहीत नाही.

घाटमाथा
+१. लेख हवाच.

मुग्धाआई
टॉन्सिलही यातच येतात ना? आमच्या लहानपणी गल्लीतल्या निम्म्या मुलांचे काढले होते. मला तर आईस्क्रीम मिळेल म्हणून आनंद झाला होता.

सुईमास्तर
येतात. टॉन्सिल, पानथरी (प्लीहा), आतड्यातले लसीका ऊतींचे चट्टे, छातीतली थायमस, सगळे याच घराण्यातले. थायमसचं काम १९६१ पर्यंत कुणाला नीट माहीत नव्हतं, जॅक मिलरने नवजात उंदरांची काढून दाखवलं की ती नसेल तर प्रतिकारशक्ती उभीच राहत नाही. मेंदूला लसीकावाहिन्या नसतात असं आम्ही परीक्षेत लिहून गुण मिळवले. २०१५ मध्ये व्हर्जिनिया आणि हेलसिंकीच्या दोन गटांनी मेंदूच्या आवरणात त्या दाखवल्या. गंमत म्हणजे मास्कान्यी नावाच्या इटालियनाने १७८७ मध्येच त्या तिथे आहेत असं म्हटलं होतं, कुणी मनावर घेतलं नाही.

टॉन्सिल हल्ली सहजासहजी काढत नाहीत. वारंवार घसा धरत असेल किंवा झोपेत श्वास अडकत असेल तर काढतात. पानथरी काढलेली माणसं मात्र जपायला हवीत. थॅलेसेमियामुळे किंवा अपघातात काढली असेल तर न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस वगैरे लसी घेतल्या आहेत का ते बघा आणि ताप आला तर घरी वाट बघत बसू नका.

चिखलवाट
सगळ्यांचे आभार, गाठ आता वाटाण्याएवढी राहिलीय. एकच विचारायचं राहिलं. माझ्या मावसभावाला मागे असंच झालं होतं, पण त्याच्या पायावर घोट्यापासून वर एक लाल रेघ चढत गेली होती. आजी म्हणायची रेघ जांघेला पोचली की माणूस जातो. त्याला दवाखान्यात ठेवलं होतं. ही रेघ म्हणजे तीच वाट का?

सुईमास्तर
तीच. जंतू ग्रंथीपर्यंत पोचायच्या आधी वाहिनीलाच दाह झाला की त्वचेवर ती लाल रेघ दिसते, बहुधा स्ट्रेप्टोकॉकसचं काम. आजीच्या काळी प्रतिजैविकं नव्हती, त्यामुळे तिने जे पाहिलं असेल ते खोटं नाही. आज ही रेघ दिसली, सोबत थंडी-ताप असला तर त्याच दिवशी दवाखाना. शेक, लेप, चुना, काही करत बसायचं नाही. नुसती गाठ आणि बरी होत असलेली जखम असेल तर तुमच्या काकीचं म्हणणं बरोबर.

निरामय_वाट
मी माझ्या मतावर ठाम आहे, पण पट्ट्यांचं मला माहीत नव्हतं. सायलीताई, माझ्या नणंदेचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालंय, तिचा हात जड वाटतो म्हणते. दिसायला सूज नाही. बाही कुठल्या मापाची घ्यायची? ऑनलाइन स्वस्त दिसतायत.

सायली_क
ऑनलाइन अंदाजाने घेऊ नका हो. मनगट, कोपर, दंड यांची वेगवेगळी मापं घेऊन दाब ठरवतात. चुकीची बाही वरच्या टोकाला रुतली तर पंजा सुजतो, माझं पहिल्या बाहीला तेच झालं. जड वाटणं ही पहिली खूण असू शकते, दिसण्याची वाट बघू नका. दोन्ही हातांचा घेर टेपने मोजून लिहून ठेवायला सांगा आणि तिच्या सर्जनला किंवा लसीका सुजेचं काम करणाऱ्या फिजिओला दाखवा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बाकीचं सांगते.

घाटमाथा
रातपाळीकाका, आमच्या सासुरवाडीला (चंद्रपूर जिल्हा) गोळ्या वाटायला येतात. मुलगी तीन वर्षांची आहे, आम्ही तेव्हा तिथे असलो तर द्यायची का? आणि गोळीने ताप येतो म्हणून लोक घाबरतात, ते खरं का?

रातपाळी
ताप, डोकेदुखी, मळमळ होते काहींना, एक-दोन दिवस. ज्याच्या रक्तात पिल्लं जास्त त्याला जास्त, ती मरतात ना म्हणून. म्हणजे ज्याला जास्त त्रास झाला त्याला बहुधा गोळीची गरज होती. दोन वर्षांखालचं मूल, गरोदर बाई, खूप आजारी माणूस यांना देत नाहीत. तुमची पोरगी दोनच्या वर आहे, पण तीन औषधं एकत्र देतात तिथे आयव्हरमेक्टिन उंचीच्या पट्टीवर मोजून देतात आणि पाच वर्षांखालच्या किंवा ९० सेंटीमीटरखालच्या मुलाला ते देत नाहीत, बाकीची दोन देतात. आशाताई पट्टी घेऊन येतील, त्या बघून सांगतील. उपाशीपोटी घेऊ नका. आणि त्यांच्यासमोरच गिळा. "ठेवा टेबलावर, जेवल्यावर घेतो" म्हणणाऱ्यांच्या गोळ्या आम्ही पुढच्या वर्षी त्याच टेबलावर पाहिल्या आहेत.

कोरा_चहा
काका, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात वाटतं.